पाइपलाइन पडली की फोन वाजावा, उभी राहिली की थांबावा: गिटहबचा वेबहुक पेजरड्यूटीला जोडताना

मी पुण्यात बसून एका कंपनीची बिल्ड आणि रिलीजची बाजू सांभाळते. कोड गिटहबवर, पाइपलाइन (कोड तपासून सर्व्हरवर चढवणाऱ्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) गिटहब अ‍ॅक्शन्सवर, आणि रात्री-अपरात्री माणसाला उठवायचं काम पेजरड्यूटीकडे. निम्मी टीम लंडनला आहे. त्यांनी उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला डिप्लॉयचं (नवं व्हर्जन सर्व्हरवर चढवायचं) बटण दाबलं की आमच्याकडे साडेनऊ झालेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. डिप्लॉय त्यांचा, झोपमोड आमची. त्यामुळे या जोडणीबद्दल माझी मतं जरा ठाम आहेत, आणि सगळ्यात ठाम मत हे: इन्सिडंट, म्हणजे पेजरड्यूटीतली बिघाडाची नोंद, उघडणं कोणालाही जमतं. काम नीट झालंय की नाही ते तो आपोआप बंद होतो का यावरून कळतं.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट टीममध्ये बसून ठरवा: कोणतं बिल्ड पडलं तर माणसाला उठवायचं? आमचं उत्तर सोपं आहे. मेन ब्रँचवरून प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) जाणारा डिप्लॉय, बाकी काही नाही. फीचर ब्रँचवरच्या टेस्ट पडल्या तर ज्याने कोड लिहिला त्याला गिटहब कळवतंच. सगळ्या फेल बिल्डना पेजर लावला तर आठवडाभरात ‘लांडगा आला रे आला’ होतं आणि लोक फोन सायलेंटवर टाकून झोपतात. ‘अगं, मग निदान स्लॅकवर तरी टाकू’ असं कोणीतरी म्हणतंच. टाका की, पण तो वेगळा विषय आहे, त्याला इन्सिडंट म्हणू नका.

आता जोडणी. वर्कफ्लोच्या (पाइपलाइनच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलच्या) शेवटी ‘फेल झालं तरच चालव’ अशी एक पायरी लिहून तिथूनच कर्ल या कमांडने पेजरड्यूटीला कळवता येतं. चार जणांच्या टीमला ते पुरतंही. पण ती पायरी चालते रनरवर, म्हणजे पाइपलाइन जिथे प्रत्यक्ष चालते त्या मशीनवर, आणि आमचे रनर स्वतःचे आहेत. रनरचं मशीनच मध्ये मेलं तर शेवटची पायरी कोण चालवणार? वेबहुक, म्हणजे काही घडलं की आपण दिलेल्या पत्त्यावर जाणारा संदेश, गिटहबकडून निघतो, रनर जिवंत असो वा नसो. फक्त गिटहबचा जेसॉन वेगळ्या घडणीचा आणि पेजरड्यूटीला हवा असतो तो वेगळ्या, म्हणून मध्ये एक छोटा रिसीव्हर लागतो. आमचा पायथनमध्ये आहे, दोनेकशे ओळींचा. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्ब्डावर चालवा, नाहीतर एखाद्या कंटेनरमध्ये, फरक पडत नाही.

पेजरड्यूटीच्या बाजूने काम थोडं आहे. ज्या सर्व्हिसचा डिप्लॉय आहे ती सर्व्हिस उघडा, इंटिग्रेशन्समध्ये ‘इव्हेंट्स एपीआय व्ही२’ जोडा. ३२ अक्षरांची इंटिग्रेशन की मिळेल. तीच पुढे पेलोडमध्ये (पाठवायच्या मजकुरात) ‘रूटिंग की’ म्हणून जाते. ती रिसीव्हरच्या सीक्रेट स्टोअरमध्ये ठेवा, रेपोमध्ये नको. प्रत्येक सर्व्हिसला तिची स्वतःची की घ्या. एकच की सगळीकडे वापरली तर पेमेंटचा डिप्लॉय पडल्यावर सर्चवाल्याला फोन जातो.

गिटहबच्या बाजूने रेपोच्या सेटिंग्जमध्ये वेबहुक तयार करा. कंटेंट टाइप जेसॉन ठेवा. सीक्रेट लांबलचक, रँडम. इव्हेंट निवडताना ‘सगळं पाठव’ हा पर्याय टाळून फक्त ‘वर्कफ्लो रन’ घ्या. सेव्ह केलं की गिटहब लगेच एक पिंग पाठवतं. त्याला रिसीव्हरने २०० (‘ठीक आहे’ असा उत्तराचा कोड) दिलं की रस्ता मोकळा आहे हे कळतं.

रिसीव्हरचं पहिलं काम म्हणजे सही तपासणं. गिटहब प्रत्येक विनंतीसोबत ‘एक्स-हब-सिग्नेचर-२५६’ हे हेडर पाठवतं. तुमचं सीक्रेट वापरून बॉडीवर काढलेला एचमॅक शा-२५६ (सीक्रेट माहीत असल्याशिवाय काढता न येणारा ठसा) त्यात असतो. तोच हिशोब आपल्याकडे करायचा आणि दोन्ही जुळतात का बघायचं. हा हिशोब कच्च्या बाइट्सवर करा. आधी जेसॉन पार्स करून पुन्हा स्ट्रिंग बनवली तर एखादी स्पेस इकडची तिकडे होते आणि सही जुळत नाही. लॅम्ब्डासमोर एपीआय गेटवे असेल तर बॉडी कधी बेस६४ करून येते, ती आधी उलगडून घ्या. तुलनेसाठी साधं ‘बरोबर-बरोबर’ (==) न वापरता पायथनच्या एचमॅक मॉड्यूलमधलं ‘कम्पेअर डायजेस्ट’ वापरा.

सही जुळली की विनंती क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) टाकून लगेच २०२ (‘स्वीकारलं’) द्या. गिटहब उत्तरासाठी १० सेकंद थांबतं, त्यापेक्षा उशीर झाला तर ती डिलिव्हरी फेल धरतं. पेजरड्यूटीशी बोलणं, परत प्रयत्न करणं, हे सगळं क्यूच्या मागे.

क्यूमागचा वर्कर, म्हणजे रांगेतली कामं उरकणारा प्रोग्रॅम, आधी गाळणी लावतो. अ‍ॅक्शन ‘कम्प्लीटेड’ आहे का, ब्रँच मेन आहे का, वर्कफ्लोची फाइल प्रॉड डिप्लॉयचीच आहे का. मग ‘कन्क्लूजन’, म्हणजे निकाल, बघायचं. फेल्युअर किंवा टाइम्ड-आउट असेल तर ट्रिगर (इन्सिडंट उघड), सक्सेस असेल तर रिझॉल्व्ह (बंद कर). कॅन्सल्डला काहीच पाठवू नका, कारण नवा डिप्लॉय आला की जुना रद्द करणाऱ्या पाइपलाइनमध्ये कॅन्सल होणं हे रोजचंच आहे. जाता जाता: अ‍ॅक्शन्समध्ये जॉबची मूळ वेळमर्यादा ३६० मिनिटं असते. अडकलेला डिप्लॉय सहा तास गप्प बसेल आणि तोवर ‘कम्प्लीटेड’ येणारच नाही. डिप्लॉयच्या पायरीलाच १५-२० मिनिटांचा टाइमआउट लावा, म्हणजे अडकली की ती सरळ फेल होते.

आता डीडुप की, म्हणजे कोणते इव्हेंट एकाच इन्सिडंटचे आहेत हे पेजरड्यूटीला सांगणारी खूण. इथे घाई करू नका. ट्रिगर ज्या कीने गेला तीच की घेऊन रिझॉल्व्ह आला तरच पेजरड्यूटीला कळतं की ही त्याच भानगडीची अखेर आहे. बहुतेक जण इथे रनचा (वर्कफ्लोच्या एका फेरीचा) आयडी टाकतात, कारण पेलोडमध्ये तो समोरच दिसतो आणि युनिक असतो. युनिक आहे हीच अडचण. समजा रन ४१२ पडला, इन्सिडंट उघडला. ऑन-कॉलवाल्याने (त्या वेळी ड्यूटीवर असलेल्याने) दुरुस्ती मर्ज केली, तो झाला रन ४१३, त्याचा आयडी वेगळा. ४१३ हिरवा झाला आणि त्याने स्वतःच्या आयडीचा रिझॉल्व्ह पाठवला. त्या कीचा उघडा इन्सिडंट नाही, पेजरड्यूटीने तो सोडून दिला. ४१२चा इन्सिडंट तसाच उघडा, आणि एस्कलेशनची (वरच्या माणसाला कळवायची) वेळ झाली की मॅनेजरचा फोन वाजणार. गंमत म्हणजे टेस्ट करताना हा घोळ दिसतच नाही. टेस्टमध्ये आपण ‘री-रन’ दाबतो, री-रनला आयडी तोच राहतो, फक्त अटेम्प्टचा आकडा वाढतो. इन्सिडंट झकास बंद होतो. कमिटचा (कोडमधल्या बदलाचा) हॅश वापरला तरी हेच रडगाणं.

की बिघाडाची हवी, रनची नको. आमची की अशी बनते: रेपोचं पूर्ण नाव, वर्कफ्लो फाइलचा पाथ आणि एन्व्हायर्नमेंट, मध्ये कोलन. वर्कफ्लोचं दाखवायचं नाव घेऊ नका, ते कोणीतरी कधीतरी ‘सुंदर’ करायला जातं. पाथ सहसा बदलत नाही. मर्यादा २५५ अक्षरांची आहे, पुरते. याचा दुसरा फायदा असा की लागोपाठ तीन डिप्लॉय पडले तरी इन्सिडंट एकच राहतो, कारण उघड्या कीवर आलेला ट्रिगर त्यातच मिसळतो. एकदा बंद झाल्यावर त्याच कीने नवा ट्रिगर आला की नवा इन्सिडंट उघडतो. आणि उघडा इन्सिडंट नसताना पाठवलेला रिझॉल्व्ह निरुपद्रवी असतो, म्हणून प्रत्येक यशस्वी डिप्लॉयला डोळे झाकून रिझॉल्व्ह पाठवा, ‘आधी काही उघडं होतं का’ हे शोधत बसू नका. ऑप्सजिनी या पेजरड्यूटीसारख्याच सेवेवर असाल तर तिथे याच गोष्टीला ‘एलियस’ म्हणतात, नियम तोच. फक्त अ‍ॅटलासियनने ऑप्सजिनीची नवी विक्री जून २०२५मध्ये थांबवली आणि सपोर्ट एप्रिल २०२७मध्ये संपतोय, तेव्हा नवी जोडणी तिथे करत बसू नका.

एक कोपरा राहतो. गिटहब वेबहुक क्रमानेच पोचवेल अशी हमी नाही. ४१२चा उशिरा आलेला सक्सेस ४१३च्या फेल्युअरला बंद करून टाकू शकतो. म्हणून प्रत्येक कीमागे शेवटच्या हाताळलेल्या रनची सुरुवातीची वेळ आम्ही साठवतो, आणि त्याहून जुन्या वेळेचं काही आलं तर टाकून देतो. रन नंबर का नाही? कारण रोलबॅकसाठी (जुन्या व्हर्जनवर परत जायला) लोक जुना रन पुन्हा चालवतात. त्याचा नंबर जुनाच राहतो, पण पेलोडमधली ‘रन स्टार्टेड अ‍ॅट’ ही वेळ री-रनला नवी होते. नंबर धरून बसलात तर यशस्वी रोलबॅकनेही इन्सिडंट बंद होणार नाही.

मग पेलोडचा मजकूर. समरी, सोर्स आणि सिव्हेरिटी हे तीन सक्तीचे. सिव्हेरिटीत क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, इन्फो यांपैकी एक चालतं. समरीत १०२४ अक्षरं मावतात, पण झोपेतून उठलेला माणूस लॉक स्क्रीनवर वाचतो ते जेमतेम दोन ओळी. ‘वर्कफ्लो रन फेल्ड’ वाचून त्याला काय कळणार? लॅपटॉप उघडायचा की कूस बदलायची, एवढं तरी कळायला हवं. आमच्या समरीचा साचा असा: ‘पेमेंट-एपीआय, प्रॉड डिप्लॉय पडला, पायरी: डेटाबेस मायग्रेशन. ट्रॅफिक जुन्या व्हर्जनवर.’ यातलं पायरीचं नाव वर्कफ्लो रनच्या पेलोडमध्ये नसतं. तिथे जॉब्सची यूआरएल असते, वर्करने ती हाक मारून फेल झालेली पायरी शोधायची. आणि ‘ट्रॅफिक जुन्या व्हर्जनवर’ हे आम्ही पायरीवरून ठरवतो: ट्रॅफिक वळवण्याआधीची पायरी पडली तर सिव्हेरिटी वॉर्निंग, नंतरची पडली तर क्रिटिकल. सर्व्हिसची अर्जन्सी (किती तातडीने कळवायचं ते) सिव्हेरिटीवर सोडली असेल तर वॉर्निंग लो अर्जन्सीत जातं आणि सकाळपर्यंत थांबतं. आमची झोप खरी वाचवली ती कोणत्या पायरीला कोणती सिव्हेरिटी या एका छोट्या टेबलने.

लिंक्समध्ये रनचं पान आणि रनबुक (अशा वेळी काय करायचं याची टिपणं) द्या. कमिट, ब्रँच, अटेम्प्ट हे कस्टम डिटेल्समध्ये. कमिट करणाऱ्याचं नाव समरीत घालू नका. रात्री अडीचला ते वाचून कोणाचंच भलं होत नाही.

पेजरड्यूटीने २०२ दिलं म्हणजे इव्हेंट स्वीकारला. ४२९ (फार विनंत्या झाल्या) किंवा ५००च्या घरातलं (त्यांच्याकडचा बिघाड) काही आलं तर थांबून, थांबण्याची वेळ वाढवत पुन्हा पाठवा. ४०० आलं तर पुन्हा पाठवून उपयोग नाही, पेलोड चुकलाय. तो लॉगमध्ये टाका आणि क्यूमधून बाजूला काढा.

यशस्वी डिप्लॉयसाठी आणखी एक काम करण्यासारखं आहे. इव्हेंट्स एपीआयचाच भाऊबंद ‘चेंज इव्हेंट्स’ आहे, पत्ता थोडा वेगळा, की तीच चालते. हा इव्हेंट कोणालाच उठवत नाही. पण तासाभराने त्या सर्व्हिसचा दुसरा एखादा इन्सिडंट उघडला तर ‘अलीकडचे बदल’ म्हणून तो डिप्लॉय तिथेच दिसतो. ‘काही रिलीज झालंय का?’ हा प्रश्न लंडनला मेसेज करून विचारावा लागत नाही.

टेस्टसाठी पेजरड्यूटीत वेगळी सर्व्हिस काढा, एस्कलेशनमध्ये फक्त स्वतःला ठेवा, आणि मुद्दाम फेल होणारा हाताने चालवायचा वर्कफ्लो लिहा. लॅपटॉपवर रिसीव्हर चालवत असाल तर स्मीसारखा प्रॉक्सी वापरून वेबहुक आत आणता येतो. मग तीन गोष्टी बघा. एक रन पाडा, इन्सिडंट उघडतो का. दुसरा रन पाडा, इन्सिडंट एकच राहतो का. तिसरा नवा रन पास करा, री-रन नव्हे, आणि इन्सिडंट बंद होतो का बघा.

शेवटी हरवलेल्या डिलिव्हरी. रिसीव्हर दहा मिनिटं बंद होता, तेवढ्यात डिप्लॉय पडला, तर गिटहब ती डिलिव्हरी स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. वेबहुकच्या पानावर ‘रीसेंट डिलिव्हरीज’मध्ये लाल खूण दिसते, तिथून मागच्या ३ दिवसांतलं हाताने पुन्हा पाठवता येतं. हाताने कोण बघत बसणार, म्हणून आमची एक स्क्रिप्ट दर १५ मिनिटांनी एपीआयवरून डिलिव्हरींची यादी काढते आणि फेल झालेल्या परत मागवते. परत आलेल्या डिलिव्हरीचा आयडी मूळचाच असतो, त्यामुळे एकच गोष्ट दोनदा हाताळली जात नाही. आणि उशिरा आलेला जुना फेल्युअर वेळेच्या तपासणीत आपोआप गळतो. ही स्क्रिप्ट गिटहब अ‍ॅक्शन्सवर ठेवू नका. दुसऱ्या कुठल्यातरी मशीनच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) टाका, आणि तिला दिलेलं टोकन त्या एका रेपोचे वेबहुक हाताळण्यापुरतंच ठेवा.