एलएच२ शुद्ध करायला घेण्याआधी

एलएच२ म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जांभळ्या जिवाणूंच्या पटलातलं (पेशीतल्या पातळ पडद्यातलं) प्रकाश गोळा करणारं प्रथिन-रंगद्रव्य संकुल. पहिल्यांदा स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशाचं शोषण मोजणारं यंत्र) तपासा. तो ९०० नॅनोमीटरपर्यंत नीट वाचत नसेल तर बाकीची तयारी फुकट. रोडोब्लास्टस ॲसिडोफिलस या जिवाणूच्या १००५० या स्ट्रेनमधल्या एलएच२ची रचना १९९५ साली उलगडली: अल्फा-बीटा प्रथिनांच्या नऊ जोड्यांचं कडं आणि त्यात २७ बॅक्टेरिओक्लोरोफिल (जिवाणूंमधलं क्लोरोफिल). त्यातले १८ पटलाला काटकोनात, एकमेकांना खेटून उभे. ते ८५० नॅनोमीटरच्या पुढेमागे प्रकाश शोषतात. उरलेले ९ आडवे, सुटेसुटे, ते ८००ला. कडं शाबूत आहे का, हे ही दोन शिखरंच सांगतात. प्रत्येक टप्प्यावर स्पेक्ट्रम काढायचा तो यासाठी.

कल्चरची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा. ऑक्सिजन राहिला तर रंगद्रव्यं बनत नाहीत, पेशी फिकट राहतात. ३० अंश तापमान हवं आणि उजेडाला जुना टंगस्टनचा बल्ब. पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळपास नसतोच. बल्ब तापतो, म्हणून अंतर राखा.

फ्रेंच प्रेसच्या (दाबाने पेशी फोडणारं यंत्र) आधी पेशी २० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८ मध्ये कालवा. सोबत चिमूटभर डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) आणि मॅग्नेशियम क्लोराइड. हे विसरलात तर फुटलेल्या पेशींच्या डीएनएने द्रावण शेंबडासारखं चिकट होतं. पटलं खाली बसवून घेतल्यावर ८५०चं शोषण ५० वर आणा (शंभरपट पातळ करून मोजलं की ०.५ दिसायला हवं). हे न मोजता डिटर्जंट घालू नका: कमी पडला तर पटलं विरघळत नाहीत, जास्त झाला तर रंगद्रव्यं सुटतात. एलडीएओ हा डिटर्जंट बहुधा ३० टक्क्यांचा मिळतो; २९ मिलिलिटरमध्ये १ मिलिलिटर घातला की १ टक्का. अंधारात सावकाश ढवळा, फेस नको.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) रात्रभरासाठी आधीच राखून ठेवा. ०.२ ते ०.८ मोलर साखरेच्या द्रावणाच्या प्रत्येक थरात थोडा एलडीएओ हवाच, नाहीतर संकुलांच्या गुठळ्या होतात. जड एलएच१ (प्रकाश गोळा करणारं दुसरं संकुल) खाली उतरतं, एलएच२चा पट्टा त्याच्या वर राहतो.

२८० नॅनोमीटरला (इथे प्रथिनं प्रकाश शोषतात) मोजायला क्वार्ट्झचं क्युव्हेट लागतं, साधं प्लास्टिकचं चालत नाही. स्फटिकांसाठी ८५० आणि २८०च्या शोषणाचं गुणोत्तर ३च्या वर हवं. ७७०-७८०ला खांदा (शिखराच्या बाजूचा फुगवटा) दिसला तर बॅक्टेरिओक्लोरोफिल सुटू लागलंय. तो नमुना स्फटिकांसाठी वापरू नका.