गाडीत पेट्रोलचा उग्र वास येतोय? किल्ली फिरवण्याआधी हे बघा

दार उघडताच पेट्रोलचा भपकारा आला, तर पहिली गोष्ट म्हणजे स्टार्टर मारायचा नाही. ‘चालू करून बघू, जाईल वास’ हा यातला सगळ्यात घातक विचार. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेते. शिवाय ती हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसते आणि बंदिस्त पार्किंगमध्ये साचून राहते. कोल्हापूरच्या ताराबाई पार्क, राजारामपुरीतल्या अनेक अपार्टमेंटमध्ये पाण्याची मोटरही पार्किंगमध्येच असते. तिचं बटण दाबताना उडणारी ठिणगी पुरेशी आहे. सकाळी डॅशबोर्डवर उदबत्ती लावायची सवय असेल, तर ती त्या दिवशी बाजूला ठेवा.

आधी गाडीखाली बघा. टॉर्च लावायचा तो लांबूनच लावून आणा. पेट्रोल ठिबकत असेल किंवा ओल दिसत असेल, तर गाडीला हात लावू नका. माणसांना लांब करा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. जमीन कोरडी असेल, तर गाडी ढकलत उघड्यावर आणा, सगळी दारं आणि डिक्की उघडा आणि पंधरा-वीस मिनिटं वारा लागू द्या.

डिक्की उघडलीच आहे, तर तिथं नीट बघा. शेतावर जाणाऱ्या गाडीत फवारणी पंपासाठी किंवा गवत कापायच्या मशीनसाठी नेलेला पेट्रोलचा कॅन हमखास असतो. झाकण जरा सैल राहिलं किंवा दोन थेंब मॅटवर सांडले, तरी आठवडाभर वास हटत नाही.

कॅन नसेल, तर वास नेमका कधी येतो ते आठवा. निम्मं निदान इथंच होतं. आपलं नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला बोलवा.

टाकी फुल्ल केल्यावर दोन दिवस वास येतो आणि अर्ध्यावर आली की थांबतो? मग गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. भरायच्या नळीचं रबर चिरलेलं असेल, झाकणाचा वायसर कडक झाला असेल किंवा टाकीतल्या फ्युएल पंपाच्या तोंडाचं सील बसलं नसेल. बऱ्याच गाड्यांत हा पंप मागच्या सीटखाली असतो, त्यामुळे वास मागे बसणाऱ्यालाच आधी लागतो. पन्हाळ्याच्या किंवा आंबा घाटाच्या चढाला पेट्रोल मागे सरकतं, तेव्हा तो आणखी वाढतो. झाकण काढून वायसरवर नख फिरवा. भेग दिसली किंवा रबर लाकडासारखं कडक लागलं, तर त्याच मॉडेलचं नवीन झाकण आणा. हे काम घरी होतं.

इथंच पंपावरची एक सवय सोडायला हवी. ऑटो कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून आणखी पेट्रोल ओतून घेतलं जातं. टाकीतली वाफ शोषायला कोळशाचा एक डबा बसवलेला असतो, त्याला कॅनिस्टर म्हणतात. जादा भरलेलं पेट्रोल त्यात शिरलं की कोळसा भिजतो आणि वाफ शोषणं बंद पडतं. मग डबा बदलण्याशिवाय इलाज राहत नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या राउंड फिगरसाठी हा खर्च ओढवून घेऊ नका.

इंजिन चालू असताना, एसीची बाहेरची हवा घेतल्यावर वास येत असेल, तर गळती बॉनेटखाली आहे. केबिनमध्ये हवा समोरच्या काचेच्या बुडातून येते आणि वास तिथूनच ओढला जातो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॉनेट उघडा आणि होज पाइप, क्लिपा व इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी ओल, डाग किंवा धुतल्यासारखी स्वच्छ झालेली जागा शोधा. उंदरांनी कुरतडलेलं रबरही दिसेल. शिवारालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्याचं अप्रूप नाही, पण जुन्या गाडीचं जुनं रबर त्यानं लवकर खराब होऊ शकतं. म्हणून दहा-बारा वर्षांच्या गाडीचे होज वरवर चांगले दिसले, तरी वाकवून बघा.

वास सायलेन्सरकडून येतो, धूर काळा आहे आणि ॲव्हरेज पडलंय, तर पेट्रोल गळत नाही, ते पुरतं जळत नाही. प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि इंजेक्टर तपासा. ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. तिला पेट्रोलचा वास असेल, तर ऑइल पातळ झालंय. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका.

होज घरी बदलायचा असेल, तर आधी लाइनमधलं प्रेशर उतरवा. इंजेक्शनच्या गाडीत ते साधारण ३ ते ४ बार असतं आणि बंद गाडीतही टिकून राहतं. हे काम गळती किरकोळ असेल तरच आणि उघड्यावरच करा. गाडी थंड असताना फ्युएल पंपाला वीज देणारा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. नळी सोडवताना खाली फडकं धरा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. होज फ्युएल इंजेक्शनचाच मागा. पाण्याचा किंवा कार्ब्युरेटरचा पाइप तो दाब सोसत नाही. एम-सील किंवा चिकटपट्टीनं गळती बुजवू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या गाडीत दाब शेकडो बारपर्यंत जातो, तिथं अजिबात हात घालायचा नाही.

टाकी उतरवायचं काम आणि इंजेक्टरचं काम उद्यमनगरातल्या मिस्त्रीकडे सोपवा. गाडी चालवत नेऊ नका, दोरीनं टोचनही करू नका. रिकव्हरी व्हॅनवर चढवून न्या. सीएनजीचं किट असेल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करून किटवाल्यालाच बोलवा.

दुरुस्ती झाल्यावर लगेच फिरायला निघू नका. सगळं जोडून स्टार्टर न मारता किल्ली दोन-तीन वेळा ऑनवर आणा. पंप चालून लाइन भरते. आता प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर टेकवा, ओला झाला तर क्लिप पुन्हा बसवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवा आणि सकाळी त्यावर डाग आहे का ते बघा. पुठ्ठा कोरडा असेल, तर टाकी ऑटो कटपर्यंत भरून जोतिबाच्या चढाला एक फेरी मारा. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि काचा बंद ठेवून वास येतो का ते विचारा.