मुलांची खोली: पक्कं काय, सुटं काय

मोटारीच्या आकाराचा पलंग तीन वर्षांच्या मुलाला फार आवडतो. सात-आठ वर्षांचा झाला की पाय बाहेर यायला लागतात, आणि तोवर त्या पलंगाला घेणारंही कोणी मिळत नाही. म्हणून सुताराला बोलावण्याआधी एक गोष्ट ठरवा: पलंग, कपाट आणि वायरिंग पहिल्यापासून मोठ्या माणसाच्या मापाचं. हौस भिंतीवर आणि चादरीवर करा, प्लायवूडवर नको.

आधी गादी घ्या, मग पलंग करा. 78 बाय 36 इंचांची गादी सहज मिळते. पलंगाचं आतलं माप दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवायला सांगा. सुतार बरेचदा बाहेरचं माप धरतो आणि गादी बसत नाही. गादीसकट उंची सुरुवातीला 14 इंच पुरे. पाय खिळ्यांनी न ठोकता बोल्टने बसवून घ्या, म्हणजे पुढे 4 इंचांनी उंच पाय लावता येतात. खाली सामानासाठी चाकांचे खण करा. वर उचलायची हायड्रॉलिक फळी लहान मुलाच्या बोटांसाठी धोक्याची आहे.

दोन मजली पलंगाचा मोह होतो, पण आपल्याकडे छत साधारण साडेनऊ फूट आणि पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास. वरची गादी पाच फुटांवर आली, की उठून बसलेल्या मुलाचा वर केलेला हात थेट पात्यांपर्यंत जातो. पलंग पंख्यापासून पुरेसा लांब ठेवता येत नसेल, तर हा विचार सोडून द्या. जागा असली तरी सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका.

कपाट 7 फूट उंच, 22 ते 24 इंच खोल. खरी युक्ती आतल्या भोकांत आहे. कपाट जोडण्याआधी, पाट्या आडव्या असतानाच, दोन्ही बाजूंच्या आतल्या अंगाला 5 मिमीची भोकं 32 मिमी अंतरावर वरपासून खालपर्यंत पाडून घ्या, म्हणजे त्यांत खुंट्या बसवून फळ्या हव्या तशा वर-खाली करता येतात. एकच साचा दोन्ही बाजूंना वापरायचा, नाहीतर फळी डुगडुगते. जोडून झाल्यावर कोपऱ्यात ड्रिल सरळ धरता येत नाही, म्हणून हे काम आधीच. हँगरचा दांडाही असाच सरकता ठेवा: तीन-चार वर्षांच्या मुलासाठी जमिनीपासून 36 इंच, आठव्या वर्षी 48, पुढे 66. दांडा हाताशी आला, की मूल आपले कपडे आपणच लावतं.

कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला एल पट्टीने आवळा, कारण मुलं खण उघडून त्यावर चढतात. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा प्लास्टिकचा गट्टू काही महिन्यांत सैल होतो, त्या ब्लॉकसाठी मिळणारा वेगळा अँकरच मागा.

टेबलाचा वरचा भाग 4 बाय 2 फुटांचा, 19 मिमी प्लायचा करा. पाय फॅब्रिकेटरकडून: चौकोनी लोखंडी पाइपात सरकणारा दुसरा पाइप, दर इंचाला भोक, प्रत्येक पायाला दोन 8 मिमी बोल्ट. एकाच बोल्टवर टेबल हलतं आणि अक्षर बिघडतं. कापलेल्या कडा कानशीने घासून घ्यायला विसरू नका. उंची 22 पासून 29 इंचांपर्यंत जायला हवी. नेमकी किती ते मुलाला बसवूनच ठरतं: पावलं जमिनीवर सपाट, कोपर वाकवलेलं, आणि फळी कोपराच्या बरोबर खाली. खुर्ची उंच असेल तर पायाखाली घरातला जुना पाट उत्तम. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून.

पुट्टी लावण्याआधी वायरिंगच्या झिऱ्या मारून घ्या. टेबलाच्या वर जमिनीपासून 36 इंचांवर दोन प्लग, पलंगाजवळ एक, आणि एसी आज नको असला तरी त्याची 4 स्क्वेअर एमएमची वायर आत्ताच. खालच्या प्लगना आतून झाकणारं शटर हवंच.

रंग दसऱ्यानंतर काढा. पावसाळ्यात भिंत आतून ओली राहते आणि पोपडे येतात. 10 बाय 10 च्या खोलीला दोन हातांसाठी साधारण 3 लिटर इमल्शन लागतं. सगळी भिंत फिकट एका रंगात, आणि खालचे 4 फूट धुता येणाऱ्या वेगळ्या रंगात. हात, खडू, चेंडू सगळं तिथेच लागतं. चार वर्षांनी तेवढाच पट्टा लिटर-दीड लिटरमध्ये बदलता येतो. नव्या रंगावर महिनाभर स्टिकर नकोत, काढताना रंग सोलून येतो. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर वॉलपेपर टाळा, त्यामागे बुरशी धरते. तिथे कपाट ठेवणं भागच असेल तर मागे दोन इंच हवा खेळू द्या.

आजोबांचं जुनं रंगीत कपाट वापरायचं असेल तर जपून. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. कोरडं घासू नका, आणि काम चालू असताना मुलाला घराबाहेर ठेवा.

उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर करू नका, पुढच्या रंगकामात त्या जातात. 3 इंच रुंद, 6 फूट लांब सागाची पट्टी दोन स्क्रूंनी भिंतीला लावा आणि दर वाढदिवसाला त्यावर खूण करा. घर बदललं तर पट्टी बरोबर येते. आणि खूण मागच्या वर्षीपेक्षा दोन-तीन इंच वर गेली, की त्याच दिवशी पाना घेऊन टेबलाचे बोल्ट एक भोक वर करा.