एग कस्टर्ड पाय करायचाय? आधी राजमा काढून ठेवा

गेल्या थँक्सगिव्हिंगला शेजारच्या आजींकडे मी एग कस्टर्ड पाय (मैद्याच्या पारीत अंड्या-दुधाचं गोड सारण भरून भाजतात तो) करून नेला. आजींचा जन्म इथलाच, नॉर्थ कॅरोलिनातला, म्हणजे पदार्थ त्यांच्याच घरचा, आणि मी तो आयुष्यात पहिल्यांदा केलेला. वरून झकास दिसत होता, पिवळसर, जायफळाचे ठिपके वगैरे. सुरी घातली आणि तळाची पारी ओल्या पुठ्ठ्यासारखी लोंबत वर आली. आजी गोड हसून म्हणाल्या, "ब्लेस युअर हार्ट." अमेरिकेच्या दक्षिणेत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, हे दर वेळी कौतुक नसतं. आईला फोनवर "पाय बिघडला" म्हटलं तर ती म्हणे, "मग डॉक्टरला दाखवलास का?"

यंदा पुन्हा करतोय. तुम्हीही करणार असाल तर हे आदल्या दिवशी वाचा, ओव्हन तापत असताना नको.

पहिली गोष्ट, कोरडा राजमा. एक पौंडाच्या दोन पिशव्या, कारण एकीत ९ इंची थाळी अर्धीच भरते. हा खायचा नाही, वजनाला आहे. रिकामी पारी आधी एकटी भाजायची असते, आणि वजन नसेल तर ती मधे फुगते आणि कडेने घसरते. गेल्या वेळी मी हे भाजणंच गाळलं. म्हटलं, शेवटी ओव्हनमध्येच तर जाणार आहे, भाजेल सगळं एकदम. नाही भाजत. या कस्टर्डमध्ये ना मैदा असतो ना कॉर्नफ्लोअर, नुसतं दूध, अंडी आणि साखर, म्हणजे ओतताना ते पाण्याइतकं पातळ असतं. कच्ची पारी ते पिऊन घेते. कस्टर्ड ८० अंश सेल्सियसच्या आसपास आळतं, आणि वर एवढं ओलं असताना खालच्या पारीला खुसखुशीत होण्याइतकी उष्णता मिळतच नाही. वरचं झालं म्हणून बाहेर काढावं तर खाली कच्चं, खालच्यासाठी थांबावं तर वरचं फाटतं. म्हणून पारी आधी भाजा. राजमा नसेल तर चणे घ्या, तांदूळ घ्या, पण भाजा.

मैदा घेताना पिशवीवरचं वाचा. इथल्या घरोघर सेल्फ रायझिंग पीठ असतं, इथल्या बिस्किटांसाठी (पार्ले-जी नव्हे, पावाच्या जातीची मऊ बिस्किटं). त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेलं असतं. आपल्याला ते नको. व्हाइट लिली हे पिठातलं इथलं लाडकं नाव, १८८३ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला सुरू झालेलं, त्यांचं साधं पीठही मिळतं, ते चालेल. सव्वा कप लागतं. इथला कप साधारण २४० मिलिलिटरचा, भारतातून आणलेली वाटी त्यात धरू नका.

तयार पारी आणणार असाल तरी पाकीट वाचा. पूर्वी इथे पारीत डुकराची चरबी घालत, १९११ मध्ये क्रिस्को नावाचं वनस्पती तूप आलं आणि बरीच घरं तिकडे वळली, पण काही तयार पाऱ्यांत चरबी अजूनही असते. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना त्याने फरक पडू शकतो. मी घरीच करतो, बटरची. एक कांडी, ११३ ग्रॅम. आणि इथे आपला हात चुकतो. करंजीला आपण मोहन कडकडीत घालतो. इथे नेमकं उलटं. बटर फ्रिजमधून काढलेलं थंडगार हवं, तुकडे करून पिठात बोटांच्या टोकांनी भरभर चोळायचं, आणि वाटाण्याएवढे गोळे दिसत असतानाच थांबायचं. शंकरपाळ्यांसारखं सगळं एकजीव करत बसाल तर पापुद्रे सुटणार नाहीत. बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे, मुटका वळला की पुरे. मळू नका. गोळा तासभर फ्रिजमध्ये, लाटून थाळीत बसवल्यावर पुन्हा अर्धा तास. हा अर्धा तास वाचवलात तर पारी आकसून थाळीच्या तळाशी जाऊन बसते.

थाळी काचेची असली तर बरं, उचलून खालचा रंग बघता येतो. फक्त फ्रिजमधून काढलेली काच थेट तापल्या ओव्हनमध्ये सरकवू नका, तडकेल. काचेची असेल तर तो अर्धा तास झाल्यावर थोडा वेळ ओट्यावर राहू द्या.

ओव्हनचा थर्मामीटर. पाच-सात डॉलरला मिळतो. माझा ओव्हन २५ अंश फॅरनहाइट खोटं बोलतो हे मला त्यानेच सांगितलं.

आता पुन्हा पारी. ४०० फॅरनहाइट. पारीवर बटर पेपर, त्यावर राजमा, काठोकाठ, कडांना टेकेल असा. २० मिनिटं. मग कागदासकट राजमा उचला आणि पारी तशीच आणखी आठ-दहा मिनिटं भाजा, तळ कोरडा आणि फिकट बदामी दिसेपर्यंत. काट्याने भोकं पाडू नका. बाकीच्या पायना चालतं, इथे त्यातूनच दूध खाली झिरपतं. मग अंड्याचा पांढरा फेटून ब्रशने आतून फिरवा आणि दोन मिनिटं परत ओव्हनमध्ये, म्हणजे पातळसं अस्तर बसतं. वेळ नाही, पाहुणे यायचेत, एवढं काय त्यात, असं मनात येईल. मलाही आलं होतं.

सारणाला सायीचं दूध दोन कप, अंडी तीन आणि वर एक पिवळा बलक (त्याचा पांढरा वर वापरलाच आहे), साखर १०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला. अंडी तासभर आधी बाहेर काढा. जायफळ अख्खंच घ्या, श्रीखंडाला किसतो तसं ऐनवेळी किसा. डबीतल्या पावडरीला वासच नसतो. दूध वाफा येईपर्यंत तापवा, उकळी नको. अंडी-साखर हलक्या हाताने ढवळा, फेस काढलात तर वर बुडबुडे राहतात. गरम दूध बारीक धारेने, ढवळत ढवळत. गाळून घ्या. गाळणीत अंड्याचे जे दोरे उरतात ते एकदा बघा म्हणजे का गाळायचं ते विचारणार नाही. मग कोमट सारण गरम पारीत. कुठल्या पारीत? भाजलेल्या.

पुढचं भराभर. ओव्हन ३२५ वर, थाळी खालच्या जाळीवर, भरताना जाळी अर्धी बाहेर ओढूनच भरा, भरलेली थाळी घेऊन स्वयंपाकघरभर फिरू नका. ३५ मिनिटांपासून बघायला लागा. कडा आळलेल्या आणि मधोमध दोन-अडीच इंच खरवसासारखी थरथर, की काढा. मधलंही घट्ट व्हायची वाट बघितलीत तर गार होताना पाणी सुटेल.

कापायला दोन तास तरी थांबा. खोलीत त्याहून जास्त ठेवायचा नाही, अंड्या-दुधाचा आहे, मग फ्रिज. दुसऱ्या दिवशी चांगला लागतो, तिसऱ्या दिवशी पारी मऊ पडते, भाजलेली असली तरी.

राजमा गार झाला की बरणीत भरून ठेवा, पुढच्या पायला तोच चालतो. बरणीवर चिठ्ठी लावा. आमच्या घरी तो एकदा रात्रभर भिजत घातला गेला, आणि सहा शिट्ट्यांनंतरही दातांखाली खडखड वाजत होता.