देवघराला ओल? कोकणातल्या घरात या चुका टाळा

गणपतीला गावचं घर उघडलं की देवखोलीतून आधी कुबट वास येतो. तसबिरींच्या काचेआड पांढरे ठिपके, समईवर हिरवट थर, देव्हाऱ्याच्या पाठीला बुरशी. मग कापूर लावला जातो. तासाभरात वास पुन्हा हजर, कारण कापराने ओल जात नाही, नुसती झाकली जाते.

खरी चूक जागा ठरवतानाच होते. सगळे ईशान्य कोपरा सांगतात. पण त्या कोपऱ्याच्या पलीकडे न्हाणी असेल तर? किंवा देव्हारा पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकवला असेल, तर चार महिने पावसाची झड त्याच भिंतीवर बसते आणि भिंतीचा जांभा दगड पाणी शोषतो. जुन्या घरांत देव बहुधा माजघराजवळ, आतल्या भिंतीला असत. मला तरी हे शहाणपण दिशेपेक्षा मोठं वाटतं.

ओल कुठून येते ते घरीच कळतं. प्लास्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. गळती, पन्हळ, जोतं तपासा. बाहेरच्या बाजूला जमलं तर दोष खोलीतल्या दमट हवेचा, खिडकी आणि पंख्याने भागेल. पहिल्या प्रकारात ऑइलपेंट किंवा टाइल्स लावून ओल दडवू नका, पोपडे सुटतात. चुना बरा, भिंत श्वास घेते.

देव्हारा भिंतीपासून चार बोटं पुढे आणि खाली दगडाची लादी. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचा देव्हारा दोन पावसाळ्यांत फुगतो; सागवान किंवा फणसाचं लाकूड घ्या. वाळवी पाठीमागूनच चढते, म्हणून तिथे हात पोचला पाहिजे. ज्योत वरच्या फळीपासून निदान हातभर लांब.

पितळ आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्याने उजळतं, पण आंबट अंश राहिला तर पुन्हा हिरवं पडतं; भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं पुसा. चांदीच्या टाकांना मात्र घासणी लावू नका. मी एका वर्षी लख्ख करायच्या नादात देवीचे डोळेच घासून टाकले. काकी एवढंच म्हणाली, "ह्या काय केलंस गो!" तेव्हापासून रिठ्याचं पाणी आणि जुनं मऊ धोतर.

एक चूक ओलीची नाही, तरी सगळ्यांत जास्त दिसते: देवांना जागा असते, माणसाला नसते. स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी फळी ठोकलेली, उभ्या उभ्या हात जोडायचे आणि निघायचं. जप करायचा, पोथी वाचायची किंवा नुसतं गप्प बसायचं तर टेकायचं कुठे? आधी पाट टाकून बसून बघा, गुडघे अवघडत नाहीत ना, पोथीवर उजेड पडतो ना, टीव्हीचा आवाज किती येतो. बसल्यावर देवांचे चेहरे नजरेसमोर येतील एवढीच देव्हाऱ्याची उंची ठेवा. जागा कमी असेल तर तसबिरी कमी करा, पाट काढू नका.

निर्माल्य पिशवीत बांधून व्हाळात, म्हणजे ओढ्यात टाकू नका, माडाच्या आळ्यात घाला. आणि श्रावणात वाती, काडेपेटी सादळतात, तेव्हा दोन्ही झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. नाहीतर आरतीच्या वेळी दहा काड्या ओढूनही निरांजन पेटत नाही.