सरावासाठी स्वस्तातलं लाकूड: या चुका टाळा

कोरीवकाम शिकायला निघालेला माणूस हमखास विचारतो, "पटाशी कुठली घेऊ?" लाकूड कुठलं घेऊ, हे कुणी विचारत नाही. लाकूड काय, कुठलंही चालतं! मग महिन्याभराने तोच माणूस येतो आणि पटाशी बेकार निघाली म्हणून सांगतो. पटाशी मी बघतो, ती बरी असते. लाकूड बघितल्यावर मात्र कपाळाला हात लावतो.

फर्निचरचे उरलेले तुकडे

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण हे तुकडे फुकट मिळतात. माझा भाचा असंच पोतं भरून घेऊन आला. साग, शिसव, थोडं बाभळीचंही. "मामा, एक पैसा लागला नाही!" चौथ्या दिवशी आला तेव्हा अंगठ्याला पट्टी होती आणि "माझा हातच बसत नाहीये" अशी तक्रार.

हाताचा काय दोष? सागात सिलिका असते, म्हणजे वाळूत असते तीच. ती धार खाते. शिसव आणि बाभूळ तर मुळातच कठीण. धार गेली की नवशिका जोर लावतो, जोर लावला की पातं सटकतं आणि ते नेमकं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर जातं. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची पद्धत आहे. तिच्यात कोरीवकामाचं लाडकं बासवुड 410 वर आहे आणि साग हजाराच्या पुढे. शिकाऊ माणसाने यातलं कुठलं उचलावं, हे वेगळं सांगायला नको.

मी त्याच्याच चाकूला धार लावली आणि शिवणीच्या मऊ लाकडाचा एक तुकडा हातात दिला. दहा मिनिटांत पायाशी कुरळ्या सालपटांचा ढीग. पोतं त्याने मुकाट्याने परत नेलं.

"मऊ लाकडात काय, कुणीही करेल" असं म्हणणारेही भेटतात. 17व्या शतकात इंग्लंडमधल्या ग्रिनलिंग गिबन्स या कोरीवकाम करणाऱ्याने कागदासारख्या पातळ पाकळ्यांची फुलं कोरली, ती लाइमवुडमध्ये. बासवुडचाच तो युरोपातला भाऊ.

लाकूड उचलण्याआधी मी नख रोवून बघतो. पुसट खूण उमटली तर ठीक. नख आत रुतलं तर भुसभुशीत, खूणच उमटली नाही तर लांबूनच नमस्कार. मग चाकूने एक कोपरा लाकडाच्या तंतूंच्या रेषांना आडवा कापायचा. काप गुळगुळीत आणि किंचित चमकदार आला तर लाकूड घरी येतं. तंतू चिरडून भुगा झाला तर तिथेच राहतं. बाल्सा नावाचं हलकं लाकूड इथेच नापास होतो: इतका मऊ की कापला जाण्याआधी दबतो.

ओलं लाकूड

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जास्त बोलतो. रस्त्याकडेची छाटणी चालली होती, विचारून मांडीएवढी जाड फांदी घरी आणली. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, त्यामुळे मी खूश. जवळजवळ महिनाभर रोज संध्याकाळी बसून म्हाताऱ्याचा चेहरा कोरला. सुरकुत्या, भुवया, सगळं. कपाटावर ठेवला. नवव्या रात्री खोलीत टक् असा आवाज आला. सकाळी पाहतो तर कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत सरळ चीर. गोंदात भुसा कालवून ती भरली, तर आठवड्याने तिच्याशेजारी दुसरी.

झालं असं की मी अख्खी गोल फांदी वापरली होती, मधल्या गाभ्यासकट. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, ते केंद्राकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं. अखंड गोल ओंडक्यात हा ताण जाणार कुठे? तो फाडूनच बाहेर पडतो.

तेव्हापासून फांदी आणली की त्याच दिवशी गाभ्यातून उभी फोडतो, दोन्ही टोकांना जुना रंग किंवा मेण फासतो (पाणी सगळ्यात जलद टोकांतूनच जातं) आणि तारीख लिहून सावलीत, हवेशीर जागी ठेवतो. इंचभर जाडीला वर्ष, हा ढोबळ हिशेब. इतका धीर नसेल तर पातळ फोडी करा. महिन्याला तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो. वजन उतरायचं थांबलं की वाळला. ओव्हनमध्ये वाळवून बघू का, असं मला पुन्हा कुणी विचारू नये. बाहेरून वाळतं, आतून ओलं राहतं, आणि तडा आणखी लवकर जातो.

अपवाद चमच्यांचा. चमचे ओल्या लाकडातच सोपे, कारण गाभा काढलेला असतो आणि काम पातळ असतं, सारखं वाळतं. अर्धवट राहिला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

बाकीच्या चुका झटपट. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, तिला रेषाच नसतात, त्यामुळे त्यावर शिकण्यासारखं काही नाही, आणि धूळ छातीत जाते ती वेगळीच. प्लायवुडमध्ये दर थराला दिशा बदलते, वर गोंद. पाईन स्वस्त आणि सहज मिळतो, मी वापरतोही, पण वलयं दाट असलेली फळी निवडा. रुंद वलयांत पातं मऊ पट्ट्यात घुसतं आणि कठीण पट्ट्यावर घसरतं. कण्हेर विषारी आहे, फांदी कितीही सरळ दिसली तरी हात लावू नका. हिरवट झाक असलेलं जुनं बांधकामाचं लाकूडही नको, त्यात रसायन मुरवलेलं असू शकतं.

पॅलेटच्या (माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या चालतात, पण शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं: गाभ्यापर्यंत 56 अंश, किमान 30 मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ती फळी तिथेच ठेवा. शिक्काच नसेल तरी मी घेत नाही. आणि घरी आणल्यावर आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा नव्या पटाशीची वाट लावतो.

शेवटचं, एकच महागडा ठोकळा विकत आणून त्याला हात लावायला घाबरणारे. मी एका फळीचे सारखे दहा तुकडे करतो आणि दहाही तुकड्यांवर तेच पान कोरतो. पहिली सहा चुलीत गेली तरी हरकत नाही.