सुरवंट पाळणारी हेइआन सरदारकन्या रंगमंचावर कशी उभी करावी

'त्सुत्सुमी चुनागोन मोनोगातारी' या जपानी कथासंग्रहातली ही मुलगी हेइआन काळातली (साधारण ७९४ ते ११८५). तेव्हाच्या बायकांसारख्या ती भुवया उपटत नाही, दात काळे करत नाही आणि दिवसभर सुरवंट न्याहाळते. तिची रंगभूषा मात्र शेवटी करा, आधी दासींची करा. भोवतीच्या बायका नियमात चोख बसल्या तरच तिचं वेगळेपण प्रेक्षकाला दिसतं.

दासींच्या भुवया वरच्या दिशेने विंचरून त्यांवर ग्लू-स्टिकचे तीन पातळ थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, मग पावडर आणि त्यावर पांढरा बेस. ओल्यावर दुसरा थर चढवला की दिव्यांखाली भेगा पडतात. खऱ्या भुवयांच्या दोन बोटं वर, कपाळावर काजळी रंगाचे धूसर ठिपके काढा. दातांसाठी नाटकाचं काळं इनॅमल वापरा. दात आधी टिश्यूने कोरडे करा, नाहीतर पापुद्रे सुटतात. हसताना दिसणारे सगळे दात रंगवा, मध्ये एखादा पांढरा राहिला की बाकीचे पडल्यासारखे वाटतात. मूळ ओहागुरो, म्हणजे दात काळे करायचा रंग, लोखंड आंबवलेलं पाणी आणि मायफळाची पूड यांचा असे. तो प्रयोग करू नका.

नायिकेला यातलं काहीच नको. भुवया जाड, दात पांढरे. दासी तिच्या भुवयांना सुरवंट म्हणतात, ते पटलं पाहिजे. केस लांब, मोकळे, जरा राठ आणि कानामागे खोचलेले. कानामागे केस घेणं हेच तेव्हा अशोभनीय होतं, म्हणून ही हालचाल पहिल्याच प्रवेशात स्पष्ट दिसू द्या. अंबाडा, पिना आणि रुंद ओबी (कमरपट्टा) नंतरच्या काळातले, ते टाळाच. दासींना लाल हाकामा (कमरेखालचं घोळदार वस्त्र), तिला पांढरा. तिचा वरचा झगा नाकतोड्याच्या नक्षीचा.

प्रॉपर्टीत, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तूंत, सगळ्यात मोलाचा तिचा पंखा: पांढरा, त्यावर काळ्याभोर शाईत चिनी अक्षरांचा सराव. मुलींनी काना या वळणदार जपानी लिपीत लिहावं अशी अपेक्षा असताना ही चिनी अक्षरं गिरवते आणि त्याच पंख्यावर सुरवंट वेचून घ्यायला सांगते. एक तरुण तिला खोटा साप आणि पत्र पाठवतो; त्या पत्राचं उत्तर ती जाड्याभरड्या कागदावर, काताकानात (मुलींच्या वळणदार लिपीत नव्हे, कोनदार अक्षरांत) देते. नाजूक रंगीत कागद दिलात तर प्रसंगच पडतो.

खोट्या सापाच्या प्रवेशात नटी हमखास चुकते, कारण ती निडर होते. मूळ कथेत मुलगी घाबरलेली आहे. 'नामु आमिदा बुत्सु' हा बुद्धाचा जप पुटपुटते, हा मागल्या जन्मीचा आपला आई-बापही असेल म्हणते, पण आवाज चिरका होतो आणि एका जागी बसवत नाही. भीती असूनही ती आपला विचार सोडत नाही, अभिनय तिथेच लागतो. साप म्हणजे कमरपट्ट्याचं टोक, खवल्यांच्या नक्षीच्या पिशवीत. आत दोरा ओवा आणि तो विंगेतून ओढा.

आई-वडिलांशी ती पडद्याआडूनच वाद घालते, राक्षस आणि बायका लोकांना न दिसलेल्याच बऱ्या म्हणते. म्हणजे पडदापद्धत तिला मान्य आहे. दिग्दर्शकाने तिला आजची क्रांतिकारक करू नये, आणि शेवटी लग्नही लावू नये: कथा पुढचा भाग दुसऱ्या खंडात असल्याचं सांगून थांबते, पडदा तिथेच पाडा.